न रडणाऱ्या बाळाची भूक

“शेवटचं कधी पाजलं? अहो, घरात एवढी माणसं आणि एकालाही सांगता येत नाही?”

शेलार सिस्टर ओरडत होत्या. एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूच्या, काचेच्या दारात आम्ही तिघं उभे होतो: मी, माझा नवरा सुहास आणि सासूबाई. आमची एकोणतीस दिवसांची मुलगी सिस्टरांच्या हातावर होती. दुपट्यातून तिचा एक पाय बाहेर लोंबत होता आणि ती तो आत ओढून घेत नव्हती. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते.

“आत्ताच की, अकराला,” सासूबाई म्हणाल्या.

“दोनेक तास झाले असतील,” सुहास म्हणाला. तो ऑफिसातून थेट आलेला. त्याला काय कप्पाळ माहीत असणार? पण पुरुषाला प्रश्न विचारला की तो आकडा देतोच.

“एक वाजता,” मी म्हणाले.

मी खोटं बोलले. मी जन्माची थापाडी आहे, हे आधीच कबूल करून टाकते. शाळेत असताना माझ्या माहेरी, मांजरी गावच्या उसात, बिबट्या बघितल्याची गोष्ट मी इतक्या तऱ्हांनी सांगितली होती, की शेवटी वनखात्याची दोन माणसं आमच्या ओट्यावर चहा पिऊन गेली. पण त्या थापा मजेच्या. ही भीतीची होती. बाई आपल्या पोराच्या जिवाशी खोटं बोलते, तेही पकडलं जाईल म्हणून, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

सिस्टरांनी एका हाताने डायपर सोडलं. कोरडं ठणठणीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“एक वाजता?”

“अकरा,” मी म्हणाले. “सकाळचे.”

“सहा तास!” त्या अशा ओरडल्या की खाली केमिस्टच्या रांगेतली माणसंसुद्धा दचकली असतील. मग दार बंद झालं. बाळ आत, आम्ही बाहेर. आणि मी तिथेच, लिफ्टसमोर, सासूबाईंवर जे तोंड सोडलं ते छापण्यासारखं नाही.

हे लिहिते आहे ते तुमचं बाळ लवकर आलेलं असेल तर तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून. ज्या क्रमाने मला राग येत गेला त्याच क्रमाने लिहिणार आहे. शहाणपण नंतर आलं, तेव्हा ते नंतरच येईल.

पंधराशे चाळीस

आठव्या महिन्यात माझे पाय सुजून उखळाएवढे झाले. डॉक्टरीणबाईंनी बीपी घेतलं. मग दुसऱ्या यंत्रावर घेतलं, मग तिसऱ्या. मी म्हटलं, चौथं आणा, एखादं तरी खोटं बोलेल.

“आजच सिझेरियन करायचं,” त्या म्हणाल्या.

“आज? अहो, रविवारी माझं डोहाळजेवण आहे! धनुष्यबाणाची सजावट सांगितली आहे.”

“मग केटररला कळवा.”

पुण्यात वाईट बातमीसुद्धा अशी मिळते, कोरडी आणि सुट्टे नसल्यासारखी.

बाळ पंधराशे चाळीस ग्रॅमचं निघालं. आमच्या मांजरीच्या भाजीबाजारात एवढासा फ्लॉवर कुणी हातात धरत नाही. माझी आई, म्हणजे मम्मी, दोन बस बदलून आली. काचेतून तिने पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

“आगं, ही तर खारुताई हाय,” ती म्हणाली. मग बराच वेळ गप्प. माझी मम्मी गप्प बसलेली मी दोनदाच पाहिली आहे, आणि दुसऱ्या वेळी तिची दाढ काढली होती.

सासूबाई मात्र काचेपाशी आल्याच नाहीत. बाकावर बसून राहिल्या. “मी इथूनच बघते,” म्हणाल्या. बाकावरून समोरची भिंत दिसत होती. तेव्हा मला त्यांचा पहिल्यांदा राग आला. नात बघायला यायचं आणि भिंत बघायची!

दोन मिली

एवढ्या लवकर आलेल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एकदम जमत नाहीत. म्हणून तोंडातून पोटात नळी आणि नळीतून दूध. पहिल्या दिवशी दर दोन तासांनी दोन मिली. दोन मिली म्हणजे किती? माझे पप्पा चहा पितात तेव्हा त्यांच्या मिशीला जेवढा चहा लागतो, त्याच्या निम्मं.

ते दोन मिली काढताना माझा जीव गेला. दूध काढायच्या खोलीत सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक हिरवा पडदा आणि सहा बायका. टाके ओढताहेत, पाठ मोडली आहे, आणि अर्ध्या तासाने वाटीच्या तळाला पिवळा चीक, तोही बोट तिरकं करून दाखवावा लागेल इतका. शेजारची बाई एका बैठकीत साठ मिली काढायची. मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. तिने माझं काहीच बिघडवलेलं नव्हतं.

“बाळ ओढत नाही म्हणून तुम्ही थांबायचं नाही,” शेलार सिस्टर सांगायच्या. “दर दोन-तीन तासांनी काढायचं. रात्री एकदा तरी उठून. नाहीतर बाळ शिकेल तोवर तुमचं आटलेलं असेल.”

“आणि झोप?”

“ती मुलगी दहावीला गेली की.”

या बाईंचा मला तेव्हा भयंकर राग यायचा. आज सांगते, त्या सगळ्या इमारतीत सरळ आणि पूर्ण सांगणारं ते एकच माणूस होतं.

चौदाव्या-पंधराव्या दिवशी नळी कमी करून वाटी-चमचा आला. रोज तास दोन तास बाळाला उघड्या छातीवर ठेवायचं, त्याला कांगारू म्हणतात. माझी पाळी संपली की सुहासची. तो शर्टाची बटणं सोडत सिस्टरांना म्हणाला, “माझ्या छातीवर केस आहेत, तिला टोचतील का?”

“तिची तक्रार आली की कळवते,” सिस्टर म्हणाल्या.

सुहास खुर्चीत बसला, छातीवर मुलगी, वरून शाल. पाच मिनिटांत दोघंही झोपले. एकोणीस दिवसांत मी मनापासून हसले ती तेवढी एकच वेळ. हे हसू कुणी माझ्याकडून मागितलं तर देणार नाही.

दूध काढायच्या खोलीबाहेर एक मोठं पोस्टर होतं. गुबगुबीत गुलाबी बाळ, चार किलोंचं तरी, आणि खाली: बाळ मागेल तेव्हा पाजा. मी रोज दहा वेळा त्याच्यासमोरून जायचे. एकदा सिस्टरांनी मला तिथे थांबलेलं पाहिलं.

“ते तुमच्यासाठी नाही,” त्या म्हणाल्या. “ते पूर्ण दिवसांच्या बाळांसाठी. तुमचं बाळ मागणार नाही. मागायलासुद्धा ताकद लागते. रडून मागितलंच तर समजा उशीर झाला. बाळाकडे घड्याळ नाही, तुमच्याकडे आहे.”

मग तुमच्यासाठी नाही असं त्या पोस्टरवर लिहा ना! ज्या मजल्यावर एकजात लवकर आलेली बाळं आहेत त्या मजल्यावर ते लावलं कुणी? हे मी तेव्हाच ओरडून विचारायला हवं होतं. नको तिथे ओरडले, पाहिजे तिथे गप्प बसले.

कागद

एकोणिसाव्या दिवशी घरी सोडलं. वजन अठराशे दहा. शेलार सिस्टरांची त्या दिवशी सुट्टी. एका तरुण डॉक्टरांनी दारातच उभं राहून सुहासला समजावलं. सगळं इंग्रजीत, आणि इतक्या वेगात की मला वाटलं त्यांची खाली गाडी उचलतायत. मी, जिला पाजायचं आहे ती, चार हात लांब बाळाला गुंडाळत होते. सुहास “येस डॉक्टर, येस डॉक्टर” करत होता. नंतर विचारलं तर म्हणाला, “सगळं कागदावर आहे.”

होतं खरं. वर पेनाने इंग्रजीत, डॉक्टरी अक्षरात, दर दोन तासांनी दूध असं लिहिलेलं. आणि त्याच कागदाच्या तळाशी, सगळ्या बाळंतिणींना देतात ती छापील मराठी सूचना: बाळ मागेल तेव्हा स्तनपान द्यावे.

आता सांगा, घरात कागद कोण वाचणार? सासूबाई. त्यांना वाचता काय येणार? जे छापलंय ते. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि कागद देवघराच्या खणात ठेवला.

गुणी

कर्वेनगरातलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दहा दिवस सासूबाईंनी माझं जे केलं ते मी नाकारणार नाही. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, पाठीला शेक. मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. तक्रार एकच होती. मी बाळाला उठवायला लागले की त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडायचा.

उठवावं लागायचंच. सुहासच्या जुन्या फोनवर मी दर दोन तासांचा गजर लावला होता आणि फोन फ्रिजवर ठेवला होता, म्हणजे बंद करायला उठावं लागेल. त्या गजराचा आवाज असा की समोरच्या इमारतीतली माणसं कपडे करून खाली यायची. मग मी दुपटं सोडायचे, तळव्यांना गुदगुल्या करायचे, डायपर बदलायचे, ओल्या कापडाने गाल पुसायचे. बाईसाहेब एक डोळा उघडणार, पाच-सात मिनिटं ओढणार, पुन्हा ढिम्म.

“तिला छळू नकोस गं,” सासूबाई म्हणायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या. भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासायच्या.

आणि भेटायला येणारे! खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या, पाळण्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, “बाई बाई, किती गुणी! आवाज म्हणून नाही. नाहीतर आमची नातवंडं!” आला तो हेच म्हणाला. गुणी. शांत. शहाणं. आईला त्रास न देणारं. आपल्याकडे बाळाने पहिल्या महिन्यात करायचं सगळ्यात मोठं पुण्यकर्म म्हणजे आईला झोपू देणं. मलाही बरं वाटायचं, हे लपवत नाही. थकलेल्या बाईला “तुझं बाळ किती झोपतं” हे वाक्य डिंकाच्या लाडवापेक्षा गोड लागतं.

मम्मी एकटीच निराळं बोलली. एके दिवशी ती डबा घेऊन आली, पाळण्याशी उभी राहिली आणि म्हणाली, “लईच गप हाय गं. करडूबी एवढं गप नसतंय. उठीव तिला.”

सासूबाई म्हणाल्या, “झोपेत वाढतात हो बाळं.”

“दुधानं वाढत्यात,” मम्मी म्हणाली.

दोघी विहिणी त्यानंतर अत्यंत सभ्यपणे हवापाण्याबद्दल बोलत बसल्या. तो सभ्यपणा सुरीने कापता आला असता.

गुरुवारची दुपार

घरी येऊन दहावा दिवस. अकरा वाजता मी पाजलं. सात मिनिटं. बाळ झोपलं. माझे डोळे उघडे राहत नव्हते. मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या बोलत होते आणि काय बोलत होते ते मला कळत नव्हतं.

“तू पड जरा,” सासूबाई म्हणाल्या. “मी बघते.”

“एकला गजर होईल.”

“हो. मी आहे ना.”

आमच्या घरात दुपारी एक ते चार फ्रिजसुद्धा दबक्या आवाजात चालतो. दारावरची बेल बंद, फोन बंद, पडदे ओढलेले. माझ्या माहेरी दुपारी झोपलेल्या माणसाला आजारी आहे का विचारतात, त्यामुळे लग्नानंतर दोन वर्षं मी त्या तीन तासांत टक्क जागी पडून छत बघत असे. त्या दिवशी मात्र मेल्यासारखी झोपले.

जाग आली ती साडेचारला, आणि तीही गजराने नाही. दुखण्याने. छाती दगडासारखी झालेली, गाऊन पोटापर्यंत भिजलेला. खोलीत अंधूक उजेड. पाळण्याशेजारी स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या. त्या झोपल्या नव्हत्या. बाळाच्या अंगावर एक हात ठेवून साडेपाच तास तशाच बसलेल्या.

“किती वाजले?”

“साडेचार. काय छान झोपलीये बघ.”

“गजर?”

“बंद केला मी. तुम्ही दोघी इतक्या शांत झोपला होतात.”

मी बाळाला उचललं. तळवे गार. रंग पिवळट, ओठांभोवती जरासा राखाडी. गुदगुल्या केल्या, काही नाही. ओलं कापड, काही नाही. तोंडात दिलं तर दूध आपोआप गळत होतं आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येत होतं. ती ओढत नव्हती. मी तिच्या कानात नाव घेऊन ओरडले. अजून बारसं झालं नव्हतं, तेव्हा जे नाव ठेवायचं मनात होतं तेच.

रिक्षावाल्याने बाळाचा चेहरा पाहिला आणि कुठे जायचं एवढंच विचारलं. पुलाखालच्या गर्दीतून त्याने हॉर्नवरचा हात एकदाही काढला नाही. मी सांगते, तो माणूस त्या दिवशी दोन सिग्नल आणि एक फूटपाथ असा ओलांडून गेला की चाकं खाली टेकलीच नाहीत. हे मात्र मी बिबट्यासारखं सांगत नाहीये.

मग काचेचं दार, सिस्टरांचं ओरडणं आणि माझं खोटं. ते आलंच वर.

माझा वाटा

रात्री आठला डॉक्टर बाहेर आले. रक्तातली साखर फार उतरली होती. सलाईनवर ठेवलं होतं, आता हातपाय हलवत होती.

“अजून एका वेळचं दूध चुकलं असतं तर…” ते म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. मला त्यांचाही राग आला. वाक्य तरी पूर्ण करा की! उरलेलं मी रोज मनात पूर्ण करते.

मग म्हणाले, “पण एका दुपारीत हे होत नाही. घरी गेल्यापासून वजन नव्वद ग्रॅमनी उतरलंय. बाळाला दहा दिवस कमीच मिळत होतं.”

लिफ्टसमोर जिने सासूला जिवंत सोललं होतं तिला हे ऐकावं लागलं. दहा दिवस पाजत कोण होतं? मी.

दुसऱ्या दिवशी शेलार सिस्टरांनी मला खुर्चीत बसवलं आणि समोर बसून विचारलं, “दोन तास कुठून मोजत होतात?”

“पाजून झालं की तिथून.”

“बरोबर. तिला उठवायला वीस मिनिटं, पाजायला अर्धा तास, ढेकर, डायपर. म्हणजे तुमचे दोन तास तीनचे झाले. सुरुवात केली तिथून पुढच्या सुरुवातीपर्यंत मोजायचं असतं.”

पदवी घेतलेली बाई मी, ऑफिसात पन्नास जणांचं वेळापत्रक करते, आणि दोन तास मोजता आले नाहीत.

“आणि किती वेळ ओढायची?”

“पाच-सात मिनिटं. मग छातीला चिकटून झोपायची.”

“गिळताना ऐकलंत?”

ऐकलं नव्हतं. गिळताना ऐकायचं असतं हेच माहीत नव्हतं. तोंडात आहे म्हणजे पोटात जातंय, असं मी धरलं होतं. सिस्टरांनी बाळाला माझ्याजवळ दिलं, माझी मान खाली वाकवली आणि म्हणाल्या, “ऐका.” चुपचुपचुप, आणि मग एक अगदी बारीक ‘क’. चुपचुप, ‘क’. मग नुसतंच चुपचुप. “आता ती खेळतेय, पीत नाहीये,” सिस्टर म्हणाल्या. “आता काढलेलं दूध वाटीचमच्याने.”

तर मैत्रिणींनो, हे भिंतीवर लिहून ठेवा, त्या पोस्टरच्या शेजारी. लवकर आलेल्या बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध लागतं. दोन ते तीन तासांनी, सुरुवातीपासून सुरुवातीपर्यंत. झोपलं असेल तर उठवून. दुपारी आणि रात्रीही. गिळण्याचा आवाज ऐकायचा, आणि दिवसभरात पाच-सहा डायपर चांगली ओली होतायत का ते बघायचं. दमून सोडलं तर राहिलेलं वाटीने. उठवूनही उठलं नाही, गार पडलं, ढिलं पडलं, तर कुणालाही न विचारता दवाखाना गाठायचा. आणि हे सगळं कधीपर्यंत? तुमच्या डॉक्टरांनी वजन बघून “आता मागेल तेव्हा द्या” असं तोंडाने, तुम्हाला, तुमच्या भाषेत सांगेपर्यंत. नवऱ्याला दारात इंग्रजीत सांगितलेलं धरायचं नाही. मी तर दुसऱ्यांदा घरी जाण्याआधी तो छापील कागद त्या तरुण डॉक्टरांसमोर धरला आणि तळाची ओळ त्यांच्याच पेनाने खोडायला लावली. ते म्हणाले, फॉरमॅट वरून येतो. मी म्हटलं, मग वर जाऊन खोडा.

त्यांनी खोडली. पोस्टर अजून तिथेच आहे.

दुसऱ्यांदा घरी

चार दिवसांनी आलो. आता गजर तीन फोनवर होता. वेळा लिहिलेले कागद फ्रिजवर, दारावर, न्हाणीघराच्या आरशावर. सुहास रात्रीची एक पाळी वाटीचमच्याने द्यायला शिकला. डोळे मिटून, पण अचूक. सासूबाई सगळं करत होत्या, फक्त बोलत नव्हत्या. मीही बोलत नव्हते. जेवायला वाढायच्या, मी जेवायचे. मध्ये वाटीभर आमटी आणि सह्याद्रीची आख्खी रांग.

आठवडा असाच गेला. वजन वाढायला लागलं. दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे माझ्या लेखी पाच किलो.

मग एका सकाळी खालच्या काकू पुन्हा आल्या. पाळण्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, “अजूनही तशीच गुणी आहे की!”

झालं. माझा बांध फुटला. मी काकूंना सांगितलं की गुणी हा शब्द या घरात पुन्हा उच्चारायचा नाही, आवाज न करणाऱ्या बाळाला गुणी नाही, उपाशी म्हणतात, आणि तुमची नातवंडं बोंबलतात त्यांची दृष्ट काढा. काकू चपला उलट्या घालून गेल्या. दार लागलं आणि मी वळले ती सासूबाईंकडे. त्या पलंगावर बसून दुपट्यांच्या घड्या घालत होत्या.

“आणि आई, तुम्ही!” मी ओरडले. आठ दिवसांचं साठलेलं एका श्वासात बाहेर आलं. “काकू परक्या. तुम्ही तर साडेपाच तास तिच्या अंगावर हात ठेवून बसला होतात! हाताला गार लागलं नाही? एकदा, एकदा तरी उठवावं असं वाटलं नाही? मी तिला उठवायला लागले की तोंड फिरवून आत जायचात. मी काय छळत होते तिला? एवढं लवकर आलेलं, एवढं झोपणारं बाळ तुम्ही जन्मात कधी बघितलं नव्हतं का?”

पाळण्यात बाळ जागं झालं आणि कुरकुरलं. सासूबाईंनी हातातल्या दुपट्याची घडी पूर्ण केली, बाकीच्यांवर ठेवली आणि वर न बघता म्हणाल्या,

“बघितलं होतं. सुहासच्या आधी एक मुलगी होती. आठव्यातलीच. मी तिला उठवून उठवून पाजायचे. त्यामुळेच गेली, असं सगळे म्हणाले.”